बारा वर्षांचा लॅपटॉप, साध्या मजकुराच्या फायली आणि बाबांचं बाड

नारायणपेठी

नमस्कार मंडळी. घरातला संगणकाचा आणि फोनचा पसारा मी गेल्या ऑक्टोबरपासून आवरायला घेतलाय. काय ठेवलं, काय काढलं, कुठे अडले ते इथे लिहिते. कुणी हे आधी केलं असेल तर मला विचारायचंही आहे.

निमित्तं दोन. पहिलं म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. माझा लॅपटॉप २०१३ चा. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. माझ्याकडे तिसऱ्या पिढीचा आय-थ्री. एका दुकानात नेला, तर काउंटरवरच्या मुलाने झाकणही न उघडता सांगितलं, "मॅडम, हा आता भंगारात द्या." मी मुद्रितशोधन करते. वाचायचं, खुणा करायच्या, मेल करायची. या कामाला २०१३ साली पुरत होतं ते यंत्र आज का पुरू नये, हे मला कुणी समजावून सांगू शकलं नाही. अक्षरं तर तीच आहेत.

दुसरं निमित्त बाबांचं. दिवाळीआधी माळा आवरताना त्यांच्या आठवणींची फ्लॉपी सापडली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, घर पुण्याच्या नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १९९९ मध्ये त्यांनी सगळं हाताने लिहून काढलं आणि अप्पा बळवंत चौकाजवळ एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलं. ८५ पानं. फ्लॉपी कशीबशी वाचून मिळाली, फाइल उघडतेही, पण आत मराठी नाही. टोप्या घातलेले रोमन स्वर, कंस, डॉलरची चिन्हं. त्या काळचा तो फाँट आता आमच्यापैकी कुणाकडे नाही आणि फाँट नाही म्हणजे मजकूर नाही. छापील प्रत होती तिची निम्मी पानं वाळवीने खाल्ली. बाबा २०१७ मध्ये गेले. त्यांचं लिखाण माझ्या हातात आहे आणि मला ते वाचता येत नाही, हे काय असतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे.

त्या संध्याकाळी ठरवलं की यापुढे मी जे लिहीन ते पंचवीस वर्षांनी, कुणाचीही परवानगी न मागता, कुठल्याही यंत्रावर उघडलं पाहिजे. बाकीचं सगळं त्यातून निघालं.

तपकीर गल्लीत, म्हणजे संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात, जाऊन रॅम ४ ची ८ जीबी केली, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, बॅटरी बदलली. शेजारच्या काकूंचा भाचा अभियांत्रिकीला आहे, त्याने विंडोजच्या जागी डेबियन ही लिनक्सची प्रणाली घालून दिली, वर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. नुसता सुरू असताना एक जीबीच्या आत मेमरी घेतो. पंखा आता क्वचितच ऐकू येतो.

रोजनिशी, दुधाचा हिशोब, कामांची यादी, पाककृती यांसाठी माझ्याकडे चार वेगवेगळी ॲप होती, प्रत्येकाला वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड. आता एकच फोल्डर, त्यात वर्षाचे फोल्डर, आत साध्या मजकुराच्या फायली. ठळक नाही, तिरकं नाही, रंग नाही. मराठीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, तरी रोज पानभर लिहिलं तर अख्खं वर्ष बाबांच्या त्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावेल. हा हिशोब मांडला तेव्हा मी बराच वेळ ती फ्लॉपी हातात धरून बसले होते.

फोन टाकला नाही. ९४ ॲप होती, १९ ठेवली. पडदा काळा-पांढरा केला, चित्रांऐवजी नावांची यादी दिसते. कामाशिवाय उघडावंसं वाटत नाही.

अडलेय ते असं. एक, फायलींत "दुसऱ्या" शोधलं की काही ठिकाणी सापडतं, काही ठिकाणी डोळ्यांना दिसत असूनही सापडत नाही. दोन, बाबांची फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत, आणायची खात्रीची रीत. तीन, व्हॉट्सॲपचं काय करायचं. सांगा.

रोजचा_हिंजवडीकर

ताई, पहिल्याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण यात मी एक अख्खा शनिवार घालवलाय.

"ऱ्या" मधला तो अर्धा र मराठीत दोन तऱ्हांनी साठवला जातो. एक तऱ्हा म्हणजे युनिकोडमध्ये ०९३१ या जागेवर असलेला नुक्त्याचा ऱ, त्याला हलंत, मग य. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलंत, त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. फोनवर लिहिलेलं एका तऱ्हेचं आणि लॅपटॉपवर लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेचं असेल, म्हणून तुमचा शोध अर्धाच लागतो. "ॲ" ची तीच गत. त्याला स्वतःची जागा, ०९७२, २००८ साली मिळाली. त्याआधीचं लिखाण अ वर चंद्र ठेवून केलेलं, आणि अजूनही काही कीबोर्ड तसंच उमटवतात.

साध्या मजकुराची मजा अशी की उपाय दोन ओळींचा आहे. सेड नावाचा छोटा प्रोग्रॅम लिनक्समध्ये असतोच. त्याला सांगायचं, फोल्डरमधल्या सगळ्या फायलींत पहिला प्रकार दिसला की दुसरा घाल. आधी फोल्डरची प्रत काढून ठेवा. ओळी तुम्हाला निरोपातून पाठवतो. हीच माहिती चार ॲपच्या पोटात असती तर तुम्ही काहीच करू शकला नसता, तक्रार नोंदवून वाट बघत बसला असता.

आता तुमच्या "का पुरू नये" बद्दल. निकलाउस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये सडपातळ सॉफ्टवेअरची बाजू मांडणारा लेख लिहिला होता. मुद्दा असा की हार्डवेअर जेवढ्या वेगाने वाढतं त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंदावतं. मी रोज हेच बघतो. आमच्याकडे नव्या कोऱ्या, भरपूर मेमरीच्या लॅपटॉपवर काम करून पाहतात आणि म्हणतात, छान चालतंय. बारा वर्षं जुन्या यंत्रावर कुणी उघडून बघतच नाही. आळस किंवा दुष्टपणा नाही त्यात, पण ज्याच्या टेबलावर त्रास होत नाही त्याला तो दिसत नाही. फिनलंडचा प्रोग्रॅमर विझनट याने २०२० मध्ये पर्माकॉम्प्युटिंग हा शब्द काढला. आहे ते यंत्र जास्तीत जास्त वर्षं वापरायचं, आणि प्रोग्रॅम लिहितानाच ते गृहीत धरायचं. लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बनचा मोठा वाटा तो बनतानाच खर्ची पडलेला असतो, तेव्हा तुम्ही तो भंगारात दिला नाहीत हे फार चांगलं केलंत.

जुना_कारकून

नारायणपेठी, तुमच्या वडिलांच्या फायलीविषयी. मी सरकारी कार्यालयात नोकरी केली, १९९३ पासून आमच्याकडे जिस्ट कार्ड लावलेले संगणक होते. डॉसवर मराठी दिसायचं ते त्या कार्डामुळे. हे तंत्र मुळात आयआयटी कानपूरचं, पुढे आपल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने वाढवलं. सी-डॅक म्हटलं की सगळ्यांना १९९१ चा परम ८००० हा महासंगणक आठवतो. त्याच वर्षी इस्की हे भारतीय लिप्यांचं प्रमाण निघालं, त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, म्हणून सांगतो.

इस्कीत अक्षर दिसतं कसं ते साठवत नसत, उच्चारतात कसं ते साठवत. "कि" मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण बोलताना क आधी आणि इ नंतर. इस्कीत क, मग वेलांटी. युनिकोडच्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली. त्यामुळे माझ्या १९९३ च्या फायली यूकॉन्व्ह नावाच्या प्रोग्रॅममधून काढल्या की जशाच्या तशा युनिकोड होतात. करून पाहिलं आहे.

तुमच्या डीटीपीवाल्याचा फाँट त्या काळच्या बहुतेक फाँटांसारखाच दिसणं साठवणारा असणार. छापखान्याला तेवढंच हवं असे, त्याची यात चूक नव्हती. वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षर आणि काना-मात्रा संपल्यावर, अर्धं अक्षर वेगळं, काना वेगळा. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण प्रत्येक फाँटाचा तक्ता निराळा. आधी वाळवीतून वाचलेलं एक पान घ्या आणि फायलीतल्या चिन्हांशी अक्षर-अक्षर जुळवून तुमचा स्वतःचा तक्ता करा. शंभर-दीडशे चिन्हं असतील. कंटाळवाणं काम आहे, मात्र होतं. मुद्रितशोधकाला तर होणारच.

आई_आणि_डबा

मला हा धागा वाचून हेवा वाटला आणि थोडा रागही आला, खरं सांगते. मुलगी सहावीत. गृहपाठ, सुट्ट्या, बसला उशीर, उद्या हिरवा टीशर्ट, सगळं व्हॉट्सॲपवर, रात्री साडेदहालाही. मी काढून टाकलं तर तिला वर्गात उभं राहावं लागेल.

तरी एक केलंय. जुना स्मार्टफोन दिवाणखान्यात टीव्हीशेजारी कायमचा चार्जरला लावला. व्हॉट्सॲप त्यावरच. आमच्या घरी पूर्वी लँडलाइन होता ना, क्रोशाच्या रुमालाखाली, कोपऱ्यातल्या स्टुलावर. तसा. वाजला की उठून जायचं, उभ्याने बघायचं, परत यायचं. माझ्या खिशातल्या फोनवर ते नाहीच. लॅपटॉपला जोडून ठेवता येतं, फक्त मूळ फोन चौदा दिवसांहून जास्त बंद राहिला तर जोडणी तुटते. पहिला आठवडा सासूबाईंना वाटलं मी कुणावर तरी रुसलेय. आता त्याही त्यांचा फोन तिथेच ठेवतात.

श्रवण

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. स्मार्टफोन कमी करा म्हणणाऱ्या चर्चांमध्ये मला नेहमी थोडं बाजूला बसल्यासारखं होतं. फोनच्या पडद्यावरचं बोलून दाखवणारं टॉकबॅक आल्यावर मी कुणाला न विचारता नोट ओळखायला, बसचा नंबर वाचायला लागलो. माझा फोन जास्तीत जास्त भरलेला आहे आणि तसाच राहील.

पण साध्या मजकुराबद्दल नारायणपेठींना माझं शंभर टक्के अनुमोदन. जुन्या फाँटातली मराठी पीडीएफ माझ्या स्क्रीन रीडरला त्यांच्या वडिलांच्या फायलीसारखीच दिसते. तुम्ही डोळ्यांनी वाचता म्हणून तुम्हाला ती मराठी वाटते. माझ्या कानात "डॉलर, कंस सुरू, उद्गारचिन्ह" असं येतं. परीक्षेची पत्रकं अशी आली आहेत मला. सोसायटीची सूचना कागदाचा फोटो काढून गटावर टाकतात तेही तसंच. चार ओळी टाइप केल्या असत्या तर इस्पीक हा प्रोग्रॅम मराठीत वाचून दाखवतो, आवाज यंत्रासारखा आहे पण माझा कान बसलाय.

एक विनंती. कुणाला हलकं लिनक्स घालून देणार असाल आणि त्यांची नजर अधू असेल, तर ऑर्का हा स्क्रीन रीडर मेट किंवा ग्नोम डेस्कटॉपवर नीट चालतो. त्याहून हलक्या मांडण्या बऱ्याचदा मुक्या असतात. थोडी मेमरी जास्त जाऊ द्या.

कोथरूड_रिक्षा

माझं पोट ॲपवर आहे, मी ती काढू शकत नाही. पण दोन फोन केलेत. धंद्याचा फोन रिक्षात, घरी येताना बंद करून डिकीत. घरचा साधा बटणांचा. बायको-मुलं, भाऊ, गॅरेजवाला, एवढेच नंबर. पैसे द्यायचे तर यूपीआय १२३पे, साध्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आणलेलं. आवाजावर चालतं, वेळ लागतो, पण जातात पैसे.

टेकडीवर_पहाटे

मी सहा महिने फक्त बटणांचा फोन वापरून पाहिला. मेट्रोचं तिकीट खिडकीवर मिळतं. ओटीपी एसएमएसने येतो. वेताळ टेकडीवर पहाटे मोर ओरडतो तो ऐकू यायला लागला, आधीही ओरडत असणार.

हरलो ते सोसायटीच्या फाटकावर. येणाऱ्याला आत सोडायचं तर ॲपवर होकार द्यावा लागतो. आई गावाहून आली, वय ७८, आणि फाटकात पाऊण तास उभी. मी ऑफिसात. तिच्याजवळ माझा नंबर होता, पहारेकऱ्याला फोन लावायची मुभा नव्हती. त्या रात्री स्मार्टफोन परत सुरू केला. सर्वसाधारण सभेत मुद्दा मांडला, आता फाटकावर इंटरकॉमची यादीही ठेवतात. पण ते मिळवायला चार महिने लागले. आपण एकट्याने कमी करायचं ठरवून भागत नाही, आजूबाजूच्यांनी दुसरी वाट बंद केलेली असते.

आई_आणि_डबा

टेकडीवर, हे वाचून पोटात कालवलं. आम्ही पालकांनी वर्गशिक्षिकेला विनंती केली होती की गृहपाठ फळ्यावरून वहीत उतरवून घ्या. त्या लगेच हो म्हणाल्या! त्यांनाही रात्री साडेदहाला टाइप करायचं नव्हतं.

तपकीर_गल्लीतला

वीस वर्षं लॅपटॉप उघडतोय, म्हणून चार कामाच्या गोष्टी. २०१३-१५ पर्यंतच्या बऱ्याच मशिनींना मागे झाकण, स्क्रू काढला की रॅम हातात. आता बरीच नवीन बारीक मॉडेलं येतात त्यात रॅम बोर्डालाच चिकटवलेली, वाढवायची सोयच नाही. जुनं घेताना आधी बिजागरी बघा, मग कीबोर्ड, मग बाकी. एसएसडीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. पंखा साफ करून पेस्ट बदलून घ्या, दहा वर्षांत ती चुन्यासारखी होते.

आणखी एक. जुन्या मशिनीत नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी असते, ती मेली की दर वेळी तारीख मागे जाते. मग एकही वेबसाइट उघडत नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणून. लोक म्हणतात व्हायरस आला, मशीन टाकून देतात. किरकोळ पैशांची बॅटरी असते.

पेन ड्राइव्हवर एकच प्रत ठेवून निश्चिंत राहू नका ताई. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेला चालेलच असं नाही. दोन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत पुण्याबाहेर.

नारायणपेठी

सगळ्यांचे मनापासून आभार. श्रवण, तुमचं वाचून मी माझ्या दोन प्रकाशकांना लिहिलं की यापुढे मुद्रितं युनिकोडमध्येच घेईन. एकाने होकार दिलाय. कोथरूड_रिक्षा, तुमची युक्ती यजमानांनी उचलली, ऑफिसचा फोन आता चपलांच्या कपाटावर राहतो. गल्लीतले दादा, एक प्रत सांगलीला बहिणीकडे गेली.

रोजचा_हिंजवडीकर, तुमच्या दोन ओळी चालवल्या आणि चार महिन्यांच्या रोजनिशीत "दुसऱ्या" एकदम ६१ ठिकाणी सापडला. मोजून पाहिलं.

आता बाबांचं. जुन्या कारकूनकाकांनी सांगितलं तसा तक्ता केला. १३८ चिन्हं झाली. गुरुवारी दिवसभर वीज नव्हती, नव्या बॅटरीवर साडेतीन तास बसले आणि उरलेलं कागदावर केलं. काकूंच्या भाच्याने त्या तक्त्यावरून फाइल बदलून दिली. वेलांट्या जागेवर गेल्या, पण रफार मात्र सगळे शब्दाच्या शेपटीला लटकलेले. मग ते मीच हाताने, एकेक. "वर्ष" चं "वषर्" झालेलं, "सूर्य" चं "सूयर्". हे ओळखू येतात. आतापर्यंत ६३ पानं झाली.

काल मात्र ६३ व्या पानावर एक शब्द आला, "वदीर्". छापील पानाचा नेमका तो कोपरा वाळवीने नेलेला. सकाळची वेळ, रस्त्यावर एक माणूस सायकल दामटत चाललाय, ओरडत, आणि तो काहीतरी देतोय. काय देतोय ते कळेना. गर्दी, दीर्घ, वादळ, सगळं लावून पाहिलं. शेवटी आईला वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "वर्दी. धरण फुटल्याची वर्दी देत गेला तो. तुझ्या बाबांनी त्याला पाहिलं होतं."

रफार द वर ठेवला, फाइल जतन केली आणि पुढचं पान उघडलं. २२ राहिलीत. झाली की इथे टाकेन, साध्या मजकुरात.